लिनक्सवर आलो, पण रात्रीची गँग विंडोजवर आहे. आता खेळायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामानगरातला एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. घरी २०१७ साली जुळवलेला डेस्कटॉप: सातव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ हा प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही, म्हणून त्याने लिनक्स मिंट (लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) टाकलं. कॉलेजची कामं, कोडिंग, सिनेमे सगळं छान चाललंय. पण रात्री जेवणं झाली की शाळेपासूनची गँग डिस्कॉर्डवर जमते. एक पुण्यात, एक बडोद्यात, दोघं इथेच. खेळ ठरलेले: व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्ट, जीटीए ऑनलाइन आणि फुटबॉलसाठी एफसी. ‘काका, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय. परत विंडोज टाकू का? की दुसरं कुठलं लिनक्स टाकलं तर जमेल? आणि कार्ड बदलावं का?’

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण माझ्याकडे मशीन घेऊन येणारी निम्मी मुलं तिथेच अडकलेली असतात. मिंट काढून बझाइट, नोबारा, कॅचीओएस यांतलं काहीही टाक, तुझ्या यादीतले जे गेम आज चालत नाहीत ते त्यावरही चालणार नाहीत. आणि जे चालतात ते मिंटवरही चालतात. नवंकोरं कार्ड असेल तर नव्या कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) फायदा मिळतो, हे खरं. तुझं कार्ड जुनं आहे. मिंट राहू दे.

आता यादी. काउंटर-स्ट्राइक २ लिनक्सवर थेट चालतो, तो बनवणाऱ्या वाल्व कंपनीने स्वतः लिनक्ससाठी काढलेला आहे. प्रीमियर, कॉम्पिटिटिव्ह, सगळं मित्रांसोबत नेहमीसारखं. फक्त तुमच्यातला कोणी फेसइट या बाहेरच्या स्पर्धेच्या साइटवर खेळत असेल तर तिथे तू जाऊ शकणार नाहीस, त्यांचं अँटी-चीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर नाही. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती थेट चालते. बेडरॉकचं वेगळं आहे, त्यावर पुढे बोलू. जीटीए ५ ची कथा प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन, पुढे सांगतो) व्यवस्थित चालते, पण ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पासून बंद. एफसीचे अलीकडचे भाग ईए या त्यांच्या कंपनीच्या अँटी-चीटमुळे उघडतच नाहीत, अगदी एकट्याने खेळायलासुद्धा नाहीत. आणि व्हॅलोरंट नाही म्हणजे नाही.

हे असं का, ते नीट समजून घे. नाहीतर यूट्यूबवर ‘लिनक्सवर व्हॅलोरंट’ असे व्हिडिओ बघून दोन रविवार फुकट जातील.

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो तो वाईनमुळे. हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. वाईन म्हणजे तुझ्या मशीनमध्ये लपवलेलं विंडोज नव्हे. गेम विंडोजकडे जे मागतो (ही फाइल उघड, ही खिडकी काढ, इतकी मेमरी दे) ते मागणं वाईन लिनक्सला कळेल अशा रूपात पुढे देतं. ग्राफिक्सचं काम डीएक्सव्हीके करतं: डिरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स भाषेतल्या सूचना, लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या भाषेत बदलून कार्डाला देतं. डिरेक्टएक्स १२ साठी त्याचं वेगळं भावंड आहे, व्हीकेडी३डी-प्रोटॉन. वाल्वने हे सगळं एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन नावाने स्टीम या आपल्या गेमच्या दुकानात दिलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं गेम मशीन बाजारात आल्यावर त्यावरचं काम खूपच वेगात गेलं. डेक आतून लिनक्सच आहे. त्यामुळे आज एकट्याने खेळायचा गेम विकत घेताना मी ‘चालेल का’ हे जवळजवळ बघतच नाही.

मग अडतं कुठे? अँटी-चीटपाशी. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारं ड्रायव्हर आहे आणि मशीन सुरू होतानाच ते जागं होतं. वाईन कर्नलच्या बाहेर काम करतं. विंडोजचं कर्नल ड्रायव्हर बसवायला विंडोजचं कर्नल लागतं, आणि ते लिनक्समध्ये नसतंच. म्हणजे इथे सेटिंग चुकलंय, पॅकेज राहिलंय असं काही नाही; बसायला जागाच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी पीसीत) विंडोज टाकून बघू म्हणशील, तर व्हॅनगार्ड ते ओळखून नाही म्हणतं. वर अशा युक्त्यांमध्ये अकाउंटवर बॅन यायची भीती. लीग ऑफ लेजेंड्स वर्षानुवर्षं वाईनवर चालत होता, मे २०२४ मध्ये त्यालाही व्हॅनगार्ड लागलं आणि तोही गेला.

ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त चीड आणणारी आहे. दोघांनीही सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोटॉनला सपोर्ट जाहीर केला. तांत्रिक अडचण तिथेच संपली. पण तो सपोर्ट प्रत्येक गेमच्या कंपनीने आपल्या बाजूने चालू करायचा असतो. एल्डन रिंगने केला, डेझेडने केला. जीटीए ऑनलाइनमध्ये बॅटलआय आलं, पण त्यांनी तो केला नाही, फोर्टनाइटनेही नाही. आणि केलेला परतही घेता येतो: एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर मजेत चालत होता, कंपनीने ३१ ऑक्टोबर २०२४ ला दार बंद केलं, कारण दिलं की चीट करणारे या वाटेने येतात. ज्यांनी त्यात स्किनांवर पैसे घातले होते ते बसले हात चोळत.

म्हणून मी पोरांना सांगतो, लिनक्सवर ऑनलाइन गेम चालतो की नाही हे आता गेमचा मालक ठरवतो. तुझ्या हातात दोनच गोष्टी आहेत: कुठल्या मालकाच्या दारात जायचं, आणि गँगला कुठे न्यायचं. नवा गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर त्याचं पान बघ, पण ते एकटं पुरत नाही. तिथे लोक ‘मस्त चालतो’ लिहितात आणि तो माणूस नुसती स्टोरी खेळत असतो. अँटी-चीटची वेगळी यादी ‘आर वी अँटी-चीट यट’ इथे मिळते; मित्रांसोबतचा गेम असेल तर आधी ती उघड, आणि प्रोटॉनडीबीवर अलीकडच्या महिन्यांतलीच मतं वाच. बीजीएमआयचं म्हणशील तर तो फोनवरच खेळ, त्यासाठी लिनक्सवर झटापट करू नकोस.

आता व्हॅलोरंट सोडायचाच नसेल तर? सोड असं मी म्हणणार नाही. गँग आठवड्यातून चार रात्री तोच खेळत असेल तर तू तत्त्वाखातर बाहेर बसण्यात काही अर्थ नाही. मग विंडोजसाठी वेगळी डिस्क घे. एकाच डिस्कवर दोन्ही नांदतात, पण विंडोजचे मोठे अपडेट आले की बूटलोडरची (सुरू होताना सिस्टिम निवडणाऱ्या प्रोग्रामची) कटकट होते आणि रात्री साडेनऊला मला फोन येतो. जेल रोडवर साधी २४० जीबीची साटा एसएसडी मिळते, ती लाव. विंडोज टाकताना लिनक्सच्या डिस्कची साटा केबल काढून ठेव, म्हणजे इन्स्टॉलर तिला हात लावूच शकणार नाही. झालं की केबल परत जोड आणि मशीन सुरू करताना बूट मेन्यूतून हवी ती डिस्क निवड. आधीचं विंडोज त्याच मदरबोर्डवर अस्सल होतं ना? मग तीच आवृत्ती टाकलीस तर नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होईल.

टाकायचं विंडोज १०च. तुझ्या प्रोसेसरवर ११ जबरदस्तीने बसवायच्या वाटा आहेत, पण ११ वर व्हॅनगार्ड टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनच्या सुरक्षेच्या सोयी) मागतं, त्यात नव्याने अडकशील. १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे, तिथे नाव नोंदव. आणि त्या विंडोजमध्ये बँक नाही, मेल नाही, आईचं यूपीआय नाही. फक्त गेम.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कर. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं की विंडोज खरं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही. दुसरं घड्याळ. लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतं, विंडोजला वाटतं ती इथलीच वेळ. त्यामुळे रात्री दहाला विंडोज उघडलंस की कोपऱ्यात दुपारचे साडेचार दिसतात. आपले साडेपाच तास. हसण्यावारी नेऊ नकोस, वेळ चुकलेली असली की गेमचं लॉगिन अडू शकतं आणि पोरं राउटरला शिव्या देत बसतात. लिनक्सला सांगायचं की घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव. टाइमडेटसीटीएलची एक ओळ आहे, एकदा चालवली की झालं.

आता मिंटच्या बाजूने मशीन तयार करू.

पहिलं ड्रायव्हर. मिंट टाकल्यावर एनव्हिडियाच्या कार्डाला नूव्हो नावाचं मोफत ड्रायव्हर लागतं. डेस्कटॉपला ठीक, गेमला नाही. मेन्यूतून ड्रायव्हर मॅनेजर उघड, एनव्हिडियाचं शिफारस केलेलं निवड, रीस्टार्ट कर. सिक्युअर बूट चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ती की नोंदवायची असते. तो पडदा काही सेकंदच थांबतो. लोक घाबरून ‘कंटिन्यू’ दाबतात, मग ड्रायव्हर लोड होत नाही आणि ‘लिनक्सवर गेम अडकतात’ अशी तक्रार घेऊन येतात. तिथे ‘एनरोल’ निवडायचं. तुझं १०५० टीआय पास्कल पिढीचं आहे, आणि एनव्हिडियाची ५८० ही मालिका या पिढीला घेणारी शेवटची. मिंटवर त्याने काही बिघडत नाही, ५८० आणि त्याआधीची मिळत राहतात. पण रोज नवं नवं देणाऱ्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या प्रकारावर) उडी मारलीस तर एका सकाळी ५९० येऊन कार्ड बाहेर बसेल. मिंट राहू दे म्हणालो त्यामागे हेही होतं.

दुसरं, गेम कुठल्या डिस्कवर ठेवायचे. विंडोजच्या काळातली गेमांनी भरलेली डी ड्राइव्ह दिसते आणि मोह होतो की स्टीमला तीच दाखवावी, पुन्हा ८० जीबी कोण उतरवणार. दाखवू नकोस. ती विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची आहे, प्रोटॉन आपल्या फोल्डरमध्ये अशा लिंक आणि अशी नावं बनवतं जी तिथे धड टिकत नाहीत, आणि गेम ‘प्ले’ दाबल्यावर दोन सेकंद दम धरून गप्प बंद होतो. काही एरर नाही, काही नाही. लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क घे, त्यावर नवी लायब्ररी कर, आणि फाइल्स तिकडे कॉपी करून स्टीमला तपासायला सांग. बरंचसं डाउनलोड वाचतं.

तिसरं, स्टीम मिंटच्या पॅकेजमधून घे. मग सेटिंगमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन सगळ्या गेमांसाठी प्रोटॉन बंद असेल तर चालू कर. एपिकचे गेम असतील तर हीरोइक वापर. एखादा गेम हट्टीपणा करत असेल तर प्रोटॉनअप-क्यूटी टाकून जीई-प्रोटॉन उतरव आणि तो लाव. ही प्रोटॉनचीच एक बाहेरची आवृत्ती, त्यात बऱ्याच दुरुस्त्या आधी येतात.

आणि शेडर, म्हणजे चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम. हे सविस्तर सांगतो, कारण गँगसमोर फजिती इथेच होते. पावणेदहा वाजलेत, चौघं डिस्कॉर्डवर आहेत, तू ‘प्ले’ दाबतोस आणि स्टीम म्हणतं ‘व्हल्कन शेडर तयार करतोय, ७ टक्के’. पलीकडून ‘अबे, हो रिया है क्या?’ सुरू. चार कोरांच्या तुझ्या आय-५ वर मोठ्या गेमला यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. विंडोजवर मित्राला असलं काही दिसत नाही, कारण तिथे गेम स्वतःच लोडिंगच्या पडद्यामागे किंवा खेळता खेळता हे काम करतो आणि त्याला झटका बसतो तेव्हा तो नेटला दोष देतो. उपाय: स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये पार्श्वभूमीला शेडर तयार करायची परवानगी दे आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला स्टीम नुसतं उघडून ठेव. गेमला किंवा ड्रायव्हरला अपडेट आलं की हे काम परत होतं, त्यामुळे अपडेट रात्री दहाला घ्यायचं नाही. अगदीच घाई असेल तर ‘स्किप’ दाब. गेम सुरू होतो, पहिला सामना थोडा अडखळतो, मग स्थिरावतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये मात्र स्किप करून थेट प्रीमियरला जाऊ नकोस. आधी बॉट्ससोबत एक फेरी मार.

पिंगबद्दल तू विचारलं नाहीस पण विचारशील. लिनक्समुळे पिंग वाढत नाही. काउंटर-स्ट्राइकचे सर्व्हर मुंबईला आणि चेन्नईला आहेत, इंदूरहून तिथपर्यंतचा रस्ता तुझा केबलवाला ठरवतो. वायफायऐवजी लॅनची केबल ओढ, हा सल्ला कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमला लागू. फ्रेम मात्र थोड्या कमी-जास्त होतील. डिरेक्टएक्स ११ पर्यंतचे गेम विंडोजच्या आसपास राहतात; डिरेक्टएक्स १२ वाले एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवर लिनक्समध्ये मंद पडतात. गेममध्ये ११ निवडायची सोय असेल तर तेच निवड.

बोलण्याचं काय? डिस्कॉर्डचं लिनक्सवर अधिकृत ॲप आहे. डेब फाइलवालं घेतलंस तर अधूनमधून ‘नवी आवृत्ती आली, उतरवून घ्या’ म्हणून दारातच अडवतं, आणि ते नेमकं सगळे वाट बघत असताना. फ्लॅटपॅक (दुसऱ्या प्रकारचं पॅकेज) घे, मिंटच्या अपडेट मॅनेजरसोबत तेही ताजं होतं. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप अजून मूळचा एक्स११ या जुन्या पडदा-व्यवस्थेवर चालतो, त्यामुळे गेम पुढे असतानाही पुश-टू-टॉकचं बटण काम करतं. वेलँड या नव्या व्यवस्थेवर तिथेच रडारड असते. स्क्रीन दाखवताना गेमचा आवाज पलीकडे जात नसेल तर वेस्कटॉप नावाचं पर्यायी ॲप वापरून बघ. आणि ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू केला की गेमचा आवाज टेलिफोनसारखा पातळ होतो, ती ब्लूटूथच्या हँड्सफ्री मोडची मर्यादा आहे, लिनक्सला बोल लावू नकोस. साधा वायरचा हेडसेट घे.

आता माइनक्राफ्ट, जिथे तुझी बाजू उलट जड आहे.

आधी गँगला विचार, कोण जावावर आणि कोण बेडरॉकवर. फोनवर, एक्सबॉक्सवर असतं ते बेडरॉक. पीसीवर दोन्ही आवृत्त्या एकत्रच विकतात, तेव्हा पीसीवाल्यांनी जावा उघडायचं एवढंच. फोनवाला एखादा निघाला (नेहमी निघतो, बहुतेक वेळा कोणाची तरी धाकटी बहीण) तर त्याला वगळायचं कारण नाही. जावाच्या सर्व्हरवर गीझर नावाचं प्लगइन बसवलं की बेडरॉकवालेही त्याच जगात येतात, आणि सोबत फ्लडगेट टाकलं की त्यांना वेगळं जावा अकाउंट लागत नाही.

सर्व्हर तुझ्याच घरी ठेव. घरात एखादा जुना लॅपटॉप पडलेला असेलच, स्क्रीन फुटलेला, बॅटरी गेलेला. चार-पाच मित्रांसाठी ८ जीबी रॅम भरपूर झाली. त्यावर मिंटसुद्धा नको, नुसतं डेबियन टाक, अलीकडच्या माइनक्राफ्टला जावा २१ किंवा त्यापुढचं लागतं ते टाक, आणि सर्व्हरला सिस्टिमडीची सेवा करून दे म्हणजे लाइट जाऊन आली तरी मशीन उठल्यावर तो आपोआप सुरू होतो. लॅपटॉपच्या बायोसमध्ये वीज आल्यावर चालू होण्याची सोय बहुधा नसते. राउटरचा छोटा यूपीएस असतो तसा काहीतरी आधार दे किंवा आईला सांगून ठेव. राउटरमध्ये पोर्ट उघडायला जाशील तर बहुतेक ब्रॉडबँडवर एक भिंत लागते. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघ. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता कंपनीने मोहल्ल्याभरात वाटलाय. मग कितीही पोर्ट उघड, पुण्याचा मित्र आत येणार नाही. स्टॅटिक आयपी घ्यायला पैसे मोजण्याआधी टेलस्केल टाक. सर्व्हरवर आणि मित्रांच्या मशीनवर ते बसवलं की सगळे जणू एका लॅनवर येतात. जावासाठी पोर्ट २५५६५, गीझरच्या बेडरॉकसाठी १९१३२, आणि टेलस्केलने दिलेला पत्ता. बस.

हेच टेलस्केल तुला आणखी एका जागी उपयोगी पडेल. लॅनवर खेळायचे जे जुने गेम आहेत, जे आमच्या पिढीने सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने खेळले, त्यांतले सर्व्हरचा पत्ता टाकून जोडता येणारे यावर जिवंत होतात. काउंटर-स्ट्राइक १.६ लिनक्सवर थेट चालतो, वाल्वने २०१३ मध्येच दिला. एज ऑफ एम्पायर्स २ ची नवी आवृत्ती प्रोटॉनवर चालते, ती इंटरनेटवरच मित्रांसोबत खेळता येते; तू लिनक्सवर आहेस हे पलीकडच्याला कळतही नाही.

आणि एक गेम मी आग्रहाने सुचवतो: झिरो ए.डी. पूर्ण मोफत, मुक्त स्रोत, विंडोज-लिनक्स दोन्हींवर एकसारखा, आणि त्यात मौर्य सैन्य घेऊन हत्ती चालवता येतात. अट एकच. सगळ्यांची आवृत्ती तंतोतंत सारखी हवी. मिंटच्या मूळ पॅकेजमध्ये जुनी असते, मित्र वेबसाइटवरून नवी उतरवतात आणि मग एकमेकांचा सामना उघडतच नाही. तू फ्लॅटपॅकची घे, जुळेल. पंधरा मिनिटांच्या दंग्यासाठी सुपरटक्सकार्ट. त्यात कोणाला काही शिकवावं लागत नाही.

गँगला वळवायचं कसं हे तुझं तू बघ, पण ‘लिनक्स घ्या’ असं भाषण देऊ नकोस. मी ते बरंच ऐकलंय, आणि बऱ्याच जणांना ऐकवून झालंय. त्यांना गेम सुचव. एआरसी रेडर्स, हेलडायव्हर्स २, मार्व्हल रायव्हल्स हे सगळे प्रोटॉनवर चाललेले आहेत, आणि विंडोजवाल्यालाही ते खेळायचेच असतात. अर्थात तुझ्या कार्डाची ताकद त्यांना पुरेल का ते आधी बघ, यातले काही १०५० टीआयला घाम फोडतील. गेम एकाकडेच असेल तर स्टीमचं रिमोट प्ले टुगेदर आहे: ज्या गेममध्ये एकाच पडद्यावर दोघा-तिघांना खेळता येतं तो विंडोजवाल्या मित्राने आपल्याकडे चालवायचा, तू स्टीमवरून त्याच्या पडद्यावर हजर व्हायचं. तुझ्याकडे तो गेम विकत घेतलेला नसला तरी चालतं. जीटीए ऑनलाइन आणि एफसीच्या रात्री वेगळ्या डिस्कवरच्या विंडोजमध्ये जा, त्यात कमीपणा नाही.

तू शेवटी विचारलंयस की कार्ड बदलावं का. आत्ता नको, आधी हे सगळं महिनाभर चालवून बघ. बदलायचंच झालं तर एएमडीचं घे. त्याचं ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसा या मोफत ग्राफिक्स संचामध्ये आधीच असतं, ड्रायव्हर मॅनेजर उघडावाच लागत नाही. जेल रोडला जुनी आरएक्स ५८० कार्डं फिरत असतात आणि व्हल्कनच्या बाबतीत ती अजून व्यवस्थित आहेत. स्वस्तात कोणी जीटी ७१० गळ्यात घालत असेल तर घेऊ नकोस. त्या पिढीच्या कार्डाचं लिनक्सवरचं ड्रायव्हर ४७० वर थांबलं, त्यात व्हल्कन १.२ पर्यंतच आहे, आणि डीएक्सव्हीकेला आवृत्ती २ पासून १.३ लागतं, म्हणजे आजचा प्रोटॉन त्यावर चालतच नाही.

आरएक्स ५८० घ्यायच्या आधी आपला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बघ. तुझं १०५० टीआय बहुधा स्लॉटमधूनच वीज घेत असेल, ५८० ला वेगळी आठ पिनांची केबल लागते आणि ते १८५ वॅटच्या आसपास खातं. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ते लावू नकोस. बरीचशी कार्डं माइनिंगमधून आलेली असतात, तेव्हा दुकानात जाताना मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह खिशात ने. दुकानदाराच्या मशीनमध्ये कार्ड लावून त्यावरून बूट कर, सुपरटक्सकार्ट उतरवून पंधरा-वीस मिनिटं पूर्ण ग्राफिक्सवर चालव, पडद्यावर रंगीत ठिपके येतात का आणि दोन्ही पंखे फिरतात का ते बघ. दुकानदार थोडा कुरकुरेल. चालू द्यायलाच तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा.